चार चाकं, चार गुडघे

आमच्या घरात कुठलंही वाहन आलं की आधी त्याची पूजा होते. सायकल असो, स्कूटर असो, भावाची मोटार असो. हळद-कुंकू, फूल, नारळ आणि चाकांपुढे लिंबू. लिंबावरून चाक गेलं, लिंबू चिरडलं, की वाहन चालवायला मोकळं. त्यामुळे माझी भाची परदेशी शिकायला जाताना आपला स्केटबोर्ड आमच्याकडे ठेवून, "आत्या, माळ्यावर टाकू नकोस हं, वापर," असं बजावून गेली, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "ह्याची पूजा झाली होती का?"

मी म्हटलं, "आई, ती खेळायची फळी आहे."

"चाकं आहेत की. किती?"

"चार."

"मग चारचाकी झाली," आई म्हणाली.

आई एका मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेली. तिच्याशी आकड्यांत वाद घालायचा नसतो. मी आठवीत तिच्याच वर्गात होते आणि सहामाहीला तिने मला एका मार्काने नापास केलं होतं. वडिलांनी रदबदली करून पाहिली. "मार्क पडलेत तेवढे पडलेत," असं म्हणून तिने पुढचा पेपर तपासायला घेतला होता.

तर रविवारी सकाळी घरासमोर पूजा झाली. फळीवर कुंकवाचं स्वस्तिक, एक झेंडूचं फूल, नारळ फुटला, आणि चार चाकांपुढे चार लिंबं. मी त्रेचाळीस वर्षांची, सोलापूरच्या सात रस्ता चौकाजवळच्या एका विमा कार्यालयात कारकून, ओढणी कमरेला घट्ट बांधून त्या फळीवर उभी राहिले. लिंबं फोडायची आणि उतरायचं, एवढंच ठरलं होतं. मी एका पायाने जमिनीला जोर दिला.

आता मोटारीचं चाक केवढं आणि लिंबू केवढं! इथे चाकच लिंबाएवढं. चाक लिंबाला धडकलं आणि जागच्या जागी थांबलं. मी काही थांबले नाही. मी पुढे जाऊन थेट नारळाच्या पाण्यात बसले. ओट्यावरच्या खुर्चीतून आईने आधी लिंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फुटलं नाही," ती म्हणाली.

आणि आम्ही दोघी जे हसत सुटलो ते थांबेचना. समोरच्या घरातल्या वहिनी खिडकी उघडून बघायला लागल्या, त्यामुळे आणखीच हसू आलं. हसता हसता मला हात द्यायला म्हणून आई उठायला गेली. खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन ती अर्धी उठली, तिचा चेहरा वाकडा झाला, आणि ती परत खाली बसली. मग माझी मीच उठले.

आईच्या दोन्ही गुडघ्यांतली गादी संपली होती. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं, आधी एक गुडघा बदलू, मग दुसरा. आई तयार नव्हती. उन्हाळ्यात म्हणायची, ह्या उकाड्यात कोण पडून राहील. पावसाळ्यात म्हणायची, जखम चिघळेल. हिवाळ्यात म्हणायची, आता हुरड्याला पाहुणे येतील. असं करत करत आधी तिची मंडई सुटली, मग संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा सुटली, मग गच्ची. आता ओट्याच्या दोन पायऱ्या उतरणंही सुटलं होतं. अख्ख्या शाळेला जिचा धाक होता त्या बाईचं राज्य एका खुर्चीएवढं उरलं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

त्या दिवशी खरचटलेल्या कोपराला हळद लावता लावता मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मी ऑपरेशनची तारीख घेणार आहे. किती दिवस घाबरणार?"

"तू मला शिकवणार?" आईचा आवाज चढला. "स्कूटर वीसच्या वर नेत नाहीस. सात रस्ता आला की खाली उतरून ढकलत नेतेस. मला काय माहीत नाही?"

हे खरं होतं. मी भित्री आहे, आधीपासूनच. सात रस्त्याला सात बाजूंनी वाहनं येतात, आणि त्यांतलं कुठलं आपल्यावर येणार ह्याचा अंदाज लागेपर्यंत मागचे भोंगे वाजवून वाजवून दमतात. म्हणून मी तिथे स्कूटर बंद करून, पायी चालणाऱ्यांच्या घोळक्यात मिसळून, ती ढकलत पलीकडे न्यायची. पण हे तिला कोणी सांगितलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

"ठीक आहे," मी चिडून म्हणाले. "मी काय केलं की तू जाशील?"

आईने इकडेतिकडे पाहिलं. समोर अंगणात फळी पडली होती, चाकांपुढे न फुटलेली लिंबं.

"ह्याच्यावरून ये," ती म्हणाली. "टाकीपासून फाटकापर्यंत. मध्ये पाय न टेकता. ज्या दिवशी येशील त्या दिवशी मी डॉक्टरांना फोन लावायला सांगते."

आमची कॉलनी म्हणजे एकच सिमेंटची गल्ली. वरच्या टोकाला पाण्याची टाकी, खालच्या टोकाला लोखंडी फाटक, आणि फाटकाला लागून आमचं घर. टाकीपासून फाटकापर्यंत उतार. चालताना तो जाणवतही नाही, पण पाणी सोडतात त्या दिवशी टाकीपाशी सांडलेली बादली आमच्या दारात येऊन पोचते. उताराच्या मध्यावर कॉलनीतल्या लोकांनी आपल्याच अकलेने बांधलेला गतिरोधक आहे, आडवा झोपलेल्या म्हशीएवढा. पाणी जायला म्हणून त्याच्या डाव्या अंगाला दीड वीत रुंदीची तिरपी फट ठेवली आहे. स्केटबोर्ड जाईल तर तेवढ्यातूनच.

आईने मुद्दाम न सुटणारं गणित घातलं होतं. दोन दिवसांत मी नाद सोडीन अशी तिची खात्री होती, आणि खरं सांगायचं तर माझीही. पण रात्री पडल्या पडल्या मला तिचा तो अर्धा उठलेला चेहरा दिसत राहिला, आणि सकाळी साडेपाचला मी घराशेजारच्या, कॉलनीच्या पार्किंगमध्ये फळी घेऊन उभी होते.

भाची फोनवर शिकवायची. पडदाभर तिचा चेहरा, मागे कुठलं तरी थंड शहर, आणि पहिला धडा: "आत्या, गुडघे वाकव. ताठ उभं राहिलं की पडतेस. वाकव, अजून वाकव." हा एकच धडा तिने दहा वेळा दिला. ओट्यावर आईने तो पहिल्याच खेपेला पाठ केला, आणि त्या दिवसापासून माझा पिच्छा पुरवला. मी फळीवर चढले की खुर्चीतून हाळी यायची, "गुडघे वाकव!" मी पडले की, "वाकवले नाहीस!" मी भांडी घासताना सुद्धा मागून एकदा, "वाकव!" जिचे स्वतःचे गुडघे वाकत नव्हते तिने माझे वाकवायचा ध्यास घेतला होता.

दुसरा धडा, कोणता पाय पुढे ठेवायचा. भाची म्हणाली, कुणाला तरी, तुला न कळवता, मागून ढकलायला सांग. जो पाय आपसूक पुढे पडेल तो तुझा. हे ऐकून आईने मला "जरा हे भांडं धर गं" म्हणून खुर्चीजवळ बोलावलं, आणि मी पाठ वळवताच काठीने असं काही ढोसलं की मी पायऱ्यांवरून अंगणात. उजवा पाय पुढे पडला. भाची म्हणाली, बहुतेकांचा डावा पुढे असतो, तुझं उलटं आहे.

"ते मला हिच्या जन्मापासून माहीत आहे," आई म्हणाली.

मग सुरू झाला सामानाचा सोस. आधी मी स्कूटरचंच हेल्मेट घालायची. त्यात मान वळत नसे, आणि आईचं "वाकव" सुद्धा विहिरीतून आल्यासारखं ऐकू यायचं. गुडघ्यांसाठी मी जुन्या सोलापुरी चादरीच्या घड्या करून वर नाड्या बांधल्या. चादर आमची, दणकट. पण दहा पावलांत ती घोट्याशी उतरायची आणि मी पैंजण घातल्यासारखी दिसायची. दूधवाल्याने मला त्या अवतारात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मोटारसायकल थांबवून किती तरी वेळ बघत राहिला. मग त्याने विचारलं, "बाई, ह्याला ब्रेक कुटं हाय?"

मी म्हटलं, "नाही."

"न्हाय?" तो म्हणाला. "मग थांबता कसं?"

"पडून," मी म्हणाले. त्याने समजूतदारपणे मान हलवली आणि त्या दिवशी अर्धा लिटर जास्त दूध घाला म्हणून आईने आतून सांगितलं.

शेवटी गुडघ्यांचे, कोपरांचे, मनगटांचे खरे पॅड मागवले. ती खोकी उघडताना मला शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवसासारखं झालं होतं. बूट मात्र मी शाळेच्या पीटीचेच घेतले, पांढरे, सपाट तळाचे; ते घालून ऑफिसलाही जाऊ लागले. फळीवर पाय घसरू नये म्हणून वरून खरखरीत काळा कागद चिकटवलेला असतो, पॉलिशपेपरसारखा. तो माझ्या पाठोपाठ आईलाही आवडला. एकदा मी ऑफिसातून आले तर बाई फळी पायांखाली घेऊन टाचा घासत बसलेल्या.

"वज्रीपेक्षा बरं आहे हे," ती म्हणाली. "तुझं झालं की मला देत जा."

खरी फजिती केली ती चाकांतल्या बेअरिंगांनी. महिन्याभरात चाकं कुरकुरायला लागली. आपल्याकडची धूळ, त्यात नळाला पाणी येतं त्या दिवशीचा चिखल, चाकं फिरेनात. आमच्या घरात कुरकुरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला खोबरेल तेल लावतात. दाराला, खाटेला, वडील होते तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना. मी आठही बेअरिंगांत वाटीतून तेल सोडलं. दोन दिवस फळी अशी पळाली की मी स्वतःवर खूश. तिसऱ्या दिवशी तेलात धूळ बसून त्याचं काळं पीठ झालं, आणि चौथ्या दिवशी मुंग्या आल्या. चाकांतून मुंग्यांची रांग निघाली होती आणि ती थेट देवघरापर्यंत गेली होती.

चाकं पिशवीत घालून मी यंत्रमागाचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानाचे मालक म्हातारे गृहस्थ, घरी तेलुगू बोलणारे, मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे जरा मोठ्याने बोलणारे. त्यांनी एक बेअरिंग चिमटीत धरलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"खोबऱ्याचं तेल घातलं का हो ह्यात?"

मी मान खाली घातली.

"डोक्याला लावायचं असतंय ते," ते म्हणाले. आणि त्यांनी आठही बेअरिंग पेट्रोलमध्ये बुडवली, दातकोरणीने मुंग्या काढल्या, फडक्याने पुसली, आणि शिलाई मशीनचं तेल एकेक थेंब सोडलं. मग एक चाक बोटावर घेऊन टिचकी मारली. ते जे फिरायला लागलं, ते थांबेचना. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. "माग असा चालला पाहिजे," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. चाकं हिकडल्या रस्त्याला लई कडक आहेत, जरा मऊ आणि मोठी बघा, असंही त्यांनीच सुचवलं. भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, आत्या, मी हेच सांगणार होते.

ती मोठी, मऊ, नारिंगी चाकं बसवली त्या सकाळी काय झालं ते नीट सांगता येणं कठीण आहे. तोवर मी तीन ढकल्या मारायची आणि पडायची, चार ढकल्या मारायची आणि उतरायची. त्या दिवशी मी पार्किंगच्या ह्या टोकाहून ढकललं, पाय वर घेतला, गुडघे वाकवले, आणि फळी चालतच राहिली. खालून बारीक घरघर, कानांशी वारा, खांब एकेक करून मागे. मी काहीच करत नव्हते आणि तरी जात होते. त्रेचाळीस वर्षांत असा फुकटचा आनंद मला कधी झाला नव्हता. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, पण कबुतरं उडाली. पलीकडच्या भिंतीवर दोन्ही हात टेकून थांबले आणि वळून परत तसंच आले, आणि परत गेले. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला आणि मी वरिष्ठांना हसत हसत सॉरी म्हणाले. ते घाबरलेच.

मला वेडच लागलं. रिकामा फरशीचा तुकडा दिसला की पाय शिवशिवायचे. बँकेत रांगेत उभी असताना मी गुडघे वाकवून तोल इकडून तिकडे करत होते, तर मागच्या बाईंनी "बरं वाटत नाही का?" विचारलं. चिंचोळीच्या एमआयडीसीत एका कारखान्याचा पंचनामा करायला साहेबांबरोबर गेले, तर जळालेला माल बघायच्या ऐवजी मी गोदामापुढचं गुळगुळीत काँक्रीट बघत होते. आणि एका संध्याकाळी घराच्या वळणाशी आल्यावर लक्षात आलं की सात रस्ता मागे गेला. मी स्कूटरवर बसूनच तो ओलांडला होता. कधी, ते कळलंही नव्हतं. मी स्कूटर बाजूला घेतली आणि जरा वेळ तशीच उभी राहिले.

आता उतार. अर्ध्यापर्यंत येणं जमलं, पण गतिरोधकाशी गाडी अडली. फटीत शिरायचं म्हणून मी डाव्या कडेनेच यायची, आणि दर वेळी चाक सिमेंटच्या कडेला घासून मी गटारापाशी. आईने चार दिवस हे पाहिलं. पाचव्या दिवशी तिने खडू मागवला.

"कडेने कडेने येतेस म्हणून फटीत आडवी शिरतेस," ती म्हणाली. "उजवीकडून निघ. टाकीच्या उजव्या खांबापासून फटीपर्यंत एक रेघ मार. सरळ. त्या रेघेवरून ये, म्हणजे फटीपाशी तुला वळावंच लागणार नाही."

ती खुर्चीतून काठीने हवेत रेघ दाखवत होती आणि मी रांगत रांगत गल्लीभर खडू ओढत होते. "अजून डावीकडे! एवढं नाही! पुसून काढ ते!" अगदी आठवीचा वर्ग. रेघ झाली आणि आई खुर्चीत पुढे सरकून बसली. कित्येक महिन्यांत मी तिला इतकी ताजीतवानी पाहिली नव्हती.

रेघेने काम केलं. दसऱ्याच्या आसपास मी फटीतून पार झाले. एकदा, मग दोनदा, मग जवळजवळ रोज. आता फक्त शेवटचा टप्पा उरला होता, जिथे उतार संपून गल्ली सपाट होते. आणि नेमकी तेव्हापासून आई बोलेनाशी झाली. "वाकव" नाही, काठी नाही. मी खाली आले की ती फाटकाबाहेर बघत बसायची. एका सकाळी म्हणाली, "घाई नाही हं. पाय मोडून घेशील."

मी फळी ठेवली आणि तिच्या खुर्चीशी पायरीवर बसले. "आई, काय झालं?"

तिने काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "त्या टेबलावरून उठलेच नाही तर?"

गणितात तिला कधी शंका आली नव्हती. मी तिच्या तोंडून असा प्रश्न पहिल्यांदा ऐकला. धीराचं काही तरी बोलायला हवं होतं, पण माझ्याही तोंडून खरं तेच निघालं. "आणि तू ह्या खुर्चीतून उठलीच नाहीस तर? मला भीती वाटते, आई. दर दिवशी वाटते. तू अशी एक एक पायरी कमी करत चाललीस, आणि मी नुसती बघत बसायचं." तिने माझ्या हेल्मेटवरून हात फिरवला. डोक्यावर फिरवायचा होता, पण हेल्मेट मध्ये आलं.

"रविवारी ये मग," ती म्हणाली.

रविवारी थंडी पडली होती. मी टाकीच्या उजव्या खांबाशी फळी ठेवली. खाली फाटकाशी आईची खुर्ची. त्या दिवशी तिने ती ओट्यावरून खाली आणवून घेतली होती, पायऱ्या उतरताना माझ्या खांद्याचा पार चेंदा करून. दूधवाला मोटारसायकल बंद करून उभा होता. समोरच्या वहिनी खिडकीत होत्या.

मी ढकललं. एक, दोन, आणि पाय वर. रेघ पायांखालून पळायला लागली. घरं, तुळशी, वाळत घातलेले कपडे. खालून आईचा आवाज आला. घाबरली की आई माहेरच्या, अक्कलकोटच्या कानडीत बोलते. "मेल्लगे! मेल्लगे!" हळू, हळू. पण हळू जाणं आता माझ्या हातात नव्हतं. गतिरोधक आला, मी श्वास धरला, आणि दोन्ही बाजूंना सिमेंट सर्रकन गेलं. पार! मी हसत होते, मोठमोठ्याने, दात सगळे बाहेर. आईची खुर्ची मोठी मोठी होत आली. उतार संपला. फळीचा वेग ओसरायला लागला, घरघर बारीक झाली, फाटक दोन हातांवर, एका हातावर, आणि तिथे तोल गेला. डाव्या पायाचा चवडा खाली आला, जमिनीला लागला, आणि परत वर गेला. पुढच्या क्षणी चाकं फाटकाखालच्या लोखंडी पट्टीवर ठकठक वाजली.

दूधवाल्याने टाळी वाजवली. वहिनी ओरडल्या. मी फळीवरच उभी होते. आई माझ्याकडे बघत होती.

मी खोटं बोलू शकले असते. दोन वर्षं ज्यासाठी भांडले ते समोर होतं. पण समोर ती बाई होती, जिने पोटच्या मुलीला एका मार्काने नापास केलं होतं.

"आई, टेकला," मी म्हणाले. "शेवटी. जरासाच, पण टेकला."

आईने चष्मा काढला. पदराने एक काच पुसली, मग दुसरी. सावकाश परत घातला.

"मला नाही दिसला," ती म्हणाली.

"अगं, खरंच टेकला. मला कळलं ना."

"पेपर कोण तपासतंय? तू की मी?" तिने काठी जमिनीवर आपटली. "फोन लाव डॉक्टरांना."

दूधवाला मध्येच म्हणाला, "व्हय, मलाबी न्हाय दिसला." आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूटपणे दूध मोजायला लागला. मी फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी वॉकर आणला. ॲल्युमिनियमचा, पुढच्या पायांना दोन छोटी चाकं. मी ताटात हळद-कुंकू, फूल आणि दोन लिंबं घेऊन आले. आईने हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं. लिंबं मात्र तिने उचलून माझ्या हातात दिली.

"तुझं काय झालं ते मी पाहिलंय," ती म्हणाली. "सरबत कर जा."

ऑपरेशन नीट झालं. ती टेबलावरून उठली, आणि शुद्धीवर येताच नर्सला औषधाच्या मात्रेचा हिशोब विचारला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. व्यायाम घेणारी बाई आली, वॉकर पुढे ठेवला, आणि म्हणाली, "चला आजी, पाय टेकवायचा."

आईने पलंगाच्या कडेवरून पाय खाली सोडले. चेहरा पांढरा. नव्या गुडघ्यावर पट्ट्याच पट्ट्या. मी तोंड उघडलं.

"वाकव म्हणू नकोस," आई दात आवळून म्हणाली.

मी म्हटलं नाही. मी वॉकरच्या पलीकडे, तिच्यासमोर उभी राहिले, दोन्ही हात पुढे करून. ती उठायला लागली. अर्धी उठली, आणि तिचा चेहरा वाकडा झाला. तोच चेहरा, लिंबांच्या दिवशीचा. "मेल्लगे," मी म्हणाले, "मेल्लगे." ह्या वेळी ती परत खाली बसली नाही. तिने डोळे घट्ट मिटले, वॉकर गच्च धरला, आणि पाय हळूहळू फरशीकडे नेला.

"टेकला का?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"टेकला, आई," मी म्हणाले. "मला दिसला."